शेषेराव अण्णांचा बाजा

दुष्काळाच्या दुसऱ्या उन्हाळ्यात आमच्या कारखान्याच्या कॉलनीत टँकर चार दिवसांनी एकदा यायचा, आणि त्या पाण्यातला एक तांब्या शेषेराव अण्णा रोज सकाळी आपल्या बाजाला पाजायचे. चोरून नाही हं! ओट्यावर बसून, सगळ्या बायांच्या डोळ्यांदेखत. एक मोठा माठ, त्यात वाळू, वाळूत बसवलेला छोटा माठ, आणि छोट्या माठात पाणी नव्हे, तर पेढ्यांचा स्टीलचा डबा, ज्यातून लाल-निळ्या वायरी बाहेर आलेल्या. अण्णा वाळूवर तांब्या रिता करायचे, बोट खुपसून ओल बघायचे आणि हात पँटला पुसून आत जायचे. त्या दिवसांत कॉलनीतल्या बायकांनी त्यांना ज्या शिव्या घातल्या त्यांत माझ्याही होत्या. "माणसाच्या घशाला कोरड आन् ह्यांच्या पेटीला रोज सरबत!" हे वाक्य माझं आहे.

नंतर नर्मदाकाकूंकडून, म्हणजे अण्णांच्या बायकोकडून कळलं, की तो तांब्या अण्णांच्या आंघोळीतला होता. चार दिवस ओल्या फडक्याने अंग पुसायचे आणि पाचव्या दिवशी आंघोळ. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण मी कबूल थोडीच करणार! "मग तसं सांगायचं तरी," म्हणून उलट अण्णांनाच फटकारलं. अण्णा म्हणाले, "तुमी इचारलं कुठं? तुमी त शिव्या दिल्या. शिवीला उत्तर नसतंय, ताई."

अण्णा आमच्या सहकारी साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक होते. गाव घाटनांदूरच्या अलीकडचं, आयटीआय अंबाजोगाईला केलेलं. बॉयलरमध्ये वाफेचा दाब किती, ड्रममध्ये पाणी किती, रस किती तापला, हे दाखवणारे काटे आणि त्या काट्यांच्या हुकमाने आपोआप उघडझाप करणारे व्हॉल्व्ह, हे सगळं त्यांच्या ताब्यात. कुणी तक्रार घेऊन आलं की त्याचं ऐकायच्या आधी ते मशीनजवळ जायचे, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनला आणि मूठ कानाला लावून डोळे मिटायचे. "माणूस रागात बोलतंय, मशीन खरं बोलती," म्हणायचे. मग डोळे उघडून एकच प्रश्न: "चूक किती?" बिघडलंय, बंद पडलंय, वाटोळं झालंय, असलं त्यांना चालायचंच नाही. पाहिजे किती, आहे किती, मधला फरक सांगा. आमटीत मीठ जास्त झालं तरी काकूंना विचारणार, "चूक किती?" काकू म्हणायच्या, "एकच. तुमच्या गळ्यात माळ घातली ती."

मी टाइम ऑफिसात कारकून. माझे यजमान मिलवर होते, ते गेल्यावर त्यांच्या जागी मला घेतलं. दुपारी बाराला शिफ्ट बदलायच्या वेळी बॉयलर हाउसला फोन करून भोंगा द्यायला लावणं हे माझं काम. माझं नाव मंगल, पण पंचक्रोशीत मला 'भोंग्याची बाई' म्हणायचे. आमचा भोंगा वाफेचा. आधी छतावरून पांढरी वाफ उडताना दिसायची, मग आवाज पोचायचा. लांबच्या रानातली माणसं वाफ बघून खुरपं खाली ठेवायची आणि मग भोंगा ऐकायची. सुरुवातीला तो घसा खाकरल्यासारखा ओला, घोगरा असायचा, मग चढत जायचा, वर पोचल्यावर थरथरायचा आणि शेवटी नळीत साचलेलं पाणी गुरगुरत बाहेर पडायचं. त्या गुरगुरण्याशिवाय बारा वाजले असं कुणी मानायचं नाही. पुढारी खोटं बोलायचे, पेपर खोटं बोलायचे, हवामानखातं तर बोलायचंच. भोंगा कधी खोटं बोलला नव्हता.

मग पावसाने पाठ फिरवली. ऊस वाळला, जो जगला तो चारा छावणीत जनावरांनी खाल्ला. कारखाना एक हंगाम बंद राहिला, मग दुसरा. दुष्काळ आभाळातून येतो म्हणतात. आमच्याकडे निम्मा चेअरमनच्या गाडीतून आला. चांगल्या वर्षांत पंप बदलले नाहीत, मशीनला वेळेवर तेल दिलं नाही, आणि वाटोळं झाल्यावर सगळं खापर ढगांवर! अण्णा असं बोलायचे नाहीत. ते एवढंच म्हणाले, "कारखाना बंद पडला तवा सगळ्यांत आधी कान उपाशी ऱ्हायले." आणि त्या उपाशी कानांसाठी त्यांनी बाजा करायला घेतला.

बाजा म्हणजे काय, ते मला समजलं तेवढं सांगते. पेटी जुन्या कपाटाच्या फळ्यांची. समोर नॉबच नॉब, त्यातले तीन कारखान्याच्या भंगारात पडलेल्या पॅनेलवरचे. खाली देवळातल्या भजनी मंडळाच्या मोडक्या हार्मोनियमच्या पट्ट्या. विजेतून आवाज काढणारी चार सर्किटं त्यांनी स्वतः डाग देऊन जोडली, त्यांना ते 'चार गडी' म्हणायचे. त्यापुढे एक चाळणी, आवाजातला नको तो भाग गाळणारी. आणि ह्या सगळ्यांवर हुकूम चालवायला बोटभर चिप, कुरियरने मागवलेली, जिच्यात त्यांनी स्वतः प्रोग्राम लिहून भरला. "गडी कच्चे असू द्या, मुकादम पक्का पायजे," हे त्यांचं सूत्र. गडी तापले की सूर सोडायचे, आणि बीडच्या उन्हात तापायला वेळ तो किती! म्हणून चारी गडी डब्यात आणि डबा माठात. "मोठी चूक माठ आवरतो, बारकी चूक चिप." ती चिप म्हणे सारखी प्रत्येक गड्याचा सूर मोजायची, पाहिजे त्या सुराशी ताडायची आणि फरक दिसला की तेवढाच विजेचा दाब इकडेतिकडे सरकवायची. ड्रममधलं पाणी ते ज्या पद्धतीने पातळीवर धरायचे तीच ही पद्धत. जन्मभर पाणी धरलं, आता सूर धरायला निघाले होते.

चेअरमनचे पीए एकदा आले होते, नुकतेच पुण्याहून शिकून आलेले. बाजा बघून हसले. "काका, हे सगळं मोबाइलमध्ये फुकट येतं की." अण्णांनी त्यांना बसायला स्टूल दिलं आणि म्हणाले, "साहेब, मोबाइलातला आवाज कधी घसरतच न्हाई. माझा घसरतो, मंग सावरतो. सावरताना जो ऐकू येतो ना, त्यो आवाज." पीएंना काय कळलं ते पीएंनाच माहीत.

चिपचं दुसरं काम म्हणजे हालवणं. इंग्रजीत त्याला मॉड्युलेशन म्हणतात असं त्यांनीच सांगितलं, पण ते 'हालवणं'च म्हणायचे. "आवाज नुसता हुबा ऱ्हायला की मेला, ताई. त्याला कुणीतरी हालवत ऱ्हावं लागतंय." चिपमधून एक संथ लाट सोडायची, तिने कधी सूर हलवायचा, कधी चाळणी, कधी जोर. अशा आठ आवाजांना चिपमध्ये आठ जागा होत्या आणि प्रत्येकीपुढे पांढऱ्या पट्टीवर अण्णांच्या टपोऱ्या अक्षरात नाव: टिटवी, पिठाची गिरणी, मोहोळ, सनई, असली काहीबाही. सातवी जागा भोंग्याची. मी विचारलं, भोंगा कशाला? सनईच चांगली करा की. तर म्हणाले, "सनई वाजवली त कोन चूक काढनार? सगळे वा वा म्हननार. भोंगा वाजवला त सगळा तालुका परीक्षक हाय. पर पयल्या तुमी. पास करा नायतर नापास."

पहिल्या वेळी मी पदर तोंडाला लावून हसले. "अण्णा, हा भोंगा न्हाई. म्हैस व्यायलीय."

"चूक किती?"

"म्हशीएवढी!"

"मोजून सांगा, ताई. चढतोय कसा? थरथरतोय कसा? शेवट कसा?"

असं करत करत मला ऐकायला त्यांनी शिकवलं. इतकी वर्षं मी भोंगा वाजवत होते, ऐकला त्या पाच महिन्यांत. एक दिवस मी म्हणाले, "चढणं जमलं, पण वर गेल्यावर थरथर घड्याळासारखी येते, एकसारखी. आपला भोंगा दम लागल्यासारखा थरथरायचा." अण्णा एकदम उठून उभे राहिले. "बराबर! वाफेचा दाब खालीवर व्हतो तवा!" दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या थरथरीला हलवायला आणखी एक संथ लाट लावली होती, आणि दम बरोबर लागत होता. मी मॅट्रिक नापास बाई, पण त्या दिवशी मला वाटलं, आपण इंजिनियर आहोत.

राहिलं शेवटचं गुरगुरणं. ते काही प्रोग्राममध्ये बसेना. श्रावणातल्या एका कोरड्या दुपारी आवाज ऐकून तपासायला म्हणून अण्णांनी बाजातून वायर काढून माझ्या मोबाइलला लावली होती आणि रेकॉर्डिंग चालू ठेवलं होतं. भोंगा चढला, थरथरला, उतरायला लागला, आणि अण्णांनी न राहवून चाळणीच्या नॉबला हात घातला आणि हिसके देत फिरवला. बाई गं! नळीत पाणी गुरगुरलं. मी न कळत भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, बारा वाजले का ते. मग ओरडले, "पास!" अण्णा चष्मा काढून पुसायला लागले. मी म्हटलं, पुन्हा करा. त्यांनी चार वेळा केलं, पण तसं आलं नाही. "ते हातानं झालं, ताई. हात रोज एक ऱ्हात न्हाई." म्हणजे तो शेवट जगात एकाच ठिकाणी होता, माझ्या फोनमध्ये.

आणि मी काय केलं? टँकरच्या रांगेत सगळ्यांना ऐकवत सुटले. "आमच्या अण्णांनी केलाय, मी पास केलाय!" तीन बायका रडल्या. शिव्या देणाऱ्यांनी अण्णांच्या ओट्यावर पाय धुवायला पाणी आणलं म्हणा ना. बातमी चेअरमनच्या बंगल्यावर पोचायला कितीसा वेळ!

दसरा जवळ आला होता. आमच्याकडे दसऱ्याला बॉयलरची पूजा. आदल्या दिवशी आग देऊन वाफ धरून ठेवायची आणि पूजा झाली की बाराला भोंगा. तो वाजला की पंचक्रोशीला कळायचं, यंदा हंगाम आहे. मग ऊस तोडायला बाहेर जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोड्या घरीच थांबायच्या, आपल्याच कारखान्याच्या तोडीला. नाही वाजला तर मुकादमाच्या ट्रकमध्ये बसून दुसऱ्या मुलुखात. आणि त्याच पंधरवड्यात संचालक मंडळाची निवडणूक होती. चेअरमनला भोंगा पाहिजे होता. बॉयलर भरायला पाणी कुठून आणणार? लोक तांब्याला महाग आणि बॉयलरला टँकरवर टँकर, ही बोंब त्यांना परवडणार नव्हती. म्हणून चेअरमन स्वतः अण्णांच्या ओट्यावर आले. मीही तिथेच होते.

"अण्णा, तुमच्या हातात कला हाय," चेअरमन म्हणाले. "दसऱ्याला तुमचा बाजा लावू. लोकांना जरा धीर यील."

"कारखाना सुरू व्हनार हाय का, साहेब?"

"व्हईल की. प्रयत्न चालूच हायत."

"ऊस कुठंय?"

"अण्णा, तुमी भोंग्याचं बोला."

अण्णा म्हणाले, "भोंग्याचंच बोलतोय. भोंगा म्हंजे वाफ. वाफ न्हाई त भोंगा न्हाई. माझा बाजा भोंग्याची नक्कल करतो, साहेब. त्याच्या जागेवर बसत न्हाई."

चेअरमन हसत उठले. असली माणसं हसतात तेव्हाच त्यांची भीती धरावी. दुसऱ्या दिवशी पीए टाइम ऑफिसात माझ्यापुढे उभे. "ताई, तुमच्या मोबाइलमध्ये ते रेकॉर्डिंग आहे म्हणे. जरा पाठवा. साहेबांना ऐकायचंय."

मला माहीत होतं. कुणाला ऐकायचंय आणि कशाला, सगळं माहीत होतं. मला कुणी धमकावलं नाही, लालूच दाखवली नाही, त्यामुळे कुणावर ढकलायचीही सोय नाही. मला तो भोंगा पुन्हा रानावरून जाताना ऐकायचा होता. दोन वर्षं बाराच्या ठोक्याला माझा हात रिकाम्या फोनकडे जात होता. मी पाठवला.

दसऱ्याला मांडव पडला, पताका लागल्या, पूजा झाली. चिमणीच्या बुडाशी भुसा पेटवून धूर काढला होता. मिलच्या छतावर पत्र्याआड चार मोठे कर्णे बसवले होते. बाराला भोंगा झाला. लोकांनी टोप्या उडवल्या, म्हाताऱ्यांनी हात जोडले. मी रडले. खोटा आहे हे माहीत असून आनंदाने रडले! अण्णा गर्दीत मान तिरकी करून ऐकत होते, स्क्रूड्रायव्हर कानाला लावल्यासारखे. शेवटचं गुरगुरणं आलं आणि त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. एकदाच बघितलं. मग ते मांडवात पुढे गेले आणि मोठ्याने म्हणाले, "धूर कुनीबी काढतंय. वाफ कुठंय? वाफ दिसली का कुनाला?"

अहो, ज्या माणसांनी जन्मभर आधी वाफ बघितली आणि मग आवाज ऐकला, त्यांच्यातल्या एकानेही वर बघितलं नाही. "सणाचं तरी गप बसा, अण्णा," कुणीतरी म्हणालं. मागून एक ओरडला, "ए, खाली बस बे!" आणि चेअरमन माइकवर अगदी कळवळून म्हणाले, "शेषेराव आमचे जुने कामगार आहेत. काम नसल्याने त्यांच्या मनावर परिणाम झालाय. त्यांना सांभाळून घ्या." लोक हसले. ते हसू आठवलं की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

दुसऱ्या दिवशी सकाळी टँकरच्या रांगेपुढे अण्णा हातगाड्यावर बाजा घेऊन आले. चहाच्या टपरीतून वीज घेतली आणि सात नंबर दाबला. भोंगा वाजला. मग त्यांनी एक नॉब फिरवला आणि भोंग्याची म्हैस झाली, तीच पहिल्या दिवसाची. "कालचा ह्यो व्हता," ते म्हणाले. "ह्याच्यावर भरवसा ठिवून घरी थांबू नका."

तुम्हाला वाटेल, लोक चेअरमनच्या बंगल्यावर चालून गेले. छे! लोक अण्णांवर चालून आले. "म्हंजे तुमीच दिला की चेअरमनला!" "आता वाटणीवरनं बिनसलं का?" "दोन दिस तरी खूश ऱ्हाऊ द्यायचं व्हतं माणसाला!" एकाने विचारलं, "तुमी दिला न्हाई त गेला कसा?" अण्णा म्हणाले, "माझ्या घरातनंच गेला." एवढंच. मी तिथेच होते, कमरेवर कळशी घेऊन. मग अण्णांनी दोन बटणं एकदम दाबून धरली, सोडली, आणि पुन्हा सात दाबला. काहीच वाजलं नाही. "पुसला," ते म्हणाले. "आता भोंगा वाफेचाच."

माझ्या मागे रुक्मिण उभी होती. ती आणि तिचा नवरा दर साली ऊसतोडीला जायचे, कॉलनीमागच्या वस्तीवर घर होतं. ती हळूच मला म्हणाली, "बाई, तुमी भोंग्याच्या. तुमी खरं सांगा. कारखाना सुरू व्हनार का? मुकादमाची गाडी उद्या निघतीय."

मी म्हणाले, "होईल असं वाटतंय."

का म्हणाले? नाही म्हणाले असते तर तिने पुढचं विचारलं असतं, तुम्हाला कसं माहीत? एवढ्यासाठी. माझी चोरी झाकायला मी तिचा हंगाम बुडवला. ती दोघं थांबली. आणखी कितीतरी जोड्या थांबल्या. ट्रक गेले, निवडणूक झाली, चेअरमन पुन्हा चेअरमन झाले, बॉयलरवर कबुतरांनी घरं केली. रुक्मिणीने बैल छावणीत बांधले आणि नवऱ्याबरोबर गेवराईकडे हायवेच्या कामावर खडीच्या पाट्या उचलल्या. अण्णांना क्वार्टर खाली करायची नोटीस आली. कारण काय, तर कारखान्याच्या मालमत्तेची चोरी. ते तीन नॉब! अख्खा कारखाना गिळला तो साव, आणि भंगारातले तीन नॉब उचलले तो चोर. अण्णांनी ते तिन्ही काढले, पीएंच्या टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "मोजून घ्या." त्याच आठवड्यात सामान टेम्पोत घालून ते गावी गेले. माठ काकूंनी मांडीवर घेतला होता.

पुढच्या उन्हाळ्यात मी त्यांच्या गावी गेले. अण्णा मोटारींचे स्टार्टर दुरुस्त करत बसले होते. बाजा कोपऱ्यात होता, तीन नॉबांच्या जागी बाटल्यांची झाकणं. मी चहाचा घोटही न घेता बोलले, "अण्णा, ती फाइल मी दिली होती."

"म्हाईत हाय. शेवट हाताचा व्हता."

"मग त्या दिवशी माझं नाव का नाही घेतलं? सगळ्यांचं ऐकून का घेतलं?"

"कावून घेऊ? चूक ज्याची त्यानं मोजावी, ताई. दुसऱ्यानं मोजली की भांडण व्हतंय, दुरुस्ती न्हाई."

मला त्यांचा असा राग आला! दोन थोबाडीत द्यायच्या होत्या, चार शिव्या द्यायच्या होत्या. इतके महिने मी भाकरीचा घास गिळताना ह्या माणसाची नजर आठवत होते, आणि हा मला समजूत घालत बसलाय! मी भांडायला लागले. अण्णांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि नेहमीसारखं विचारलं, "चूक किती?"

मी मोजायला लागले. तुमचं क्वार्टर. काकूंचं शेजार. रुक्मिणीचा हंगाम. थांबलेल्या सगळ्या जोड्या. मोजता मोजता रडायला लागले. अण्णांनी मला रडू दिलं. मग म्हणाले, "मला सांगून काय उपेग? मला त म्हाईतच व्हतं. आवाज ज्या रानात गेलता, त्या रानाला सांगा."

कारखान्याची वार्षिक सभा भाद्रपदात असते. सहकाराची सभा कशी होते ते ज्यांनी बघितलं नाही त्यांना सांगते. सचिव विषय वाचतात, पुढच्या चार ओळींतली माणसं "मंजूर!" म्हणून ओरडतात, पुढचा विषय. मागे हजार माणसं बसलेली, ती जेवायला आलेली असतात. चौथ्या विषयाला मी उठले आणि माइकपाशी गेले. "गेल्या दसऱ्याचा भोंगा खोटा होता. तो शेषेराव अण्णांनी दिला नाही. तो मी..." माइक बंद झाला. पुढच्या ओळीतून आवाज आला, "मंजूर! मंजूर!" पीए पळत आले, "ताई, विषयाला धरून बोला."

मी भोंग्याची बाई आहे, माइक बंद करून मला कोण गप्प करणार! पदर खोचला आणि मांडवाच्या शेवटच्या खांबापर्यंत ऐकू जाईल असं सगळं सांगितलं. माझ्या फोनमधून गेला, मी पाठवला, अण्णा शिव्या खात होते तेव्हा मी कळशी घेऊन उभी होते. कुणी ओरडलं, कुणी शिवी घातली. मागच्या हजारांतले शंभरएक तरी उठून पुढे आले, जेवायचं सोडून. फार काही झालं नाही. चेअरमन चेअरमनच राहिले, मला घरी बसवलं. रुक्मिण आठवड्याने माझ्याकडे आली. मी पाया पडायला वाकले तर तिने पाय मागे घेतले. "तुमचं सांगनं उशिरा आलं, बाई. हंगाम गेला." पाणी प्यायली आणि गेली. ती बरोबर बोलली. अण्णांना फोनवर हे सगळं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "चूक कमी झाली का?" मी म्हटलं, नाही. "व्हत नसती. पर आता मोजलेली हाय."

पुढे पाऊस झाला. कारखाना कुणा खाजगी कंपनीने भाड्याने घेतला आणि वाफेचा भोंगा काढून विजेचा सायरन बसवला. तो मोबाइलवरून वाजतो म्हणे, आणि शेवटी गुरगुरत नाही. अण्णांनी तो ऐकला नाही. त्याच्या आधीच्या वैशाखात एका शेतावर स्टार्टर दुरुस्त करताना ते बसल्या जागी गेले, स्क्रूड्रायव्हर हातात होता. दिवसकार्य झाल्यावर नर्मदाकाकूंनी टेम्पोतून बाजा माझ्याकडे पाठवला, माठासकट. म्हणाल्या, तुमच्याकडेच द्यायला सांगून ठेवलं होतं.

मी वाळूवर तांब्या ओतला, ओल बघितली आणि बाजा लावला. टिटवी ओरडली, गिरणी चालली, मोहोळ उठलं. सात नंबर दाबला, तर शांत. तो रिकामाच होता. पट्टीवर 'भोंगा' ह्या शब्दावर काट मारलेली होती आणि खाली अण्णांच्या त्याच टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं: 'वाफ आल्यावर. तपासणार – मंगलताई.'